दुपारच्या बातमीपत्राची किंमत

आजच्या थ्रेडमध्ये किल्ला नाही, ताम्रपट नाही, मोडीतले पत्रही नाही. नेहमीच्या वाचकांनी क्षमा करावी. विषय आहे दुपारचे बातमीपत्र. हा इतिहासाचा विषय कसा, असे विचारणाऱ्यांनी थोडा धीर धरावा.

माझा प्रबंध १९७२च्या दुष्काळावर आहे, विशेषतः सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत, आटपाडी, कवठे महांकाळ या भागांवर. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे नेमके दुष्काळाच्या ऐन तोंडावर. मे १९७३मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे खडी फोडत होती, बंधारे बांधत होती. ज्या रोजगार हमी योजनेचा पुढे देशभर बोलबाला झाला, तिचा पहिला प्रयोग वि. स. पागे यांनी १९६५ साली आमच्याच तासगाव तालुक्यातील विसापूर येथे केला होता. नव्या दूरचित्रवाणीने हे सारे कसे दाखवले, किती मिनिटे दाखवले, कोणाला बोलू दिले, एवढेच मला पाहायचे होते.

एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. तेथील गृहस्थ सौजन्याने वागले. म्हणाले, ‘त्या टेप महाग असायच्या. बातमी झाली की पुसून त्यावर दुसरे घ्यायचे.’ एका वाक्यात माझे एक प्रकरण संपले.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेनेही १९६० आणि ७०च्या दशकांत हेच केले. तिच्या ‘डॉक्टर हू’ या लोकप्रिय मालिकेचे नव्वदहून अधिक भाग पुसले वा टाकून दिले गेल्याने बेपत्ता झाले. मालिकेचे चाहते निदान शोध तरी घेतात. दुपारच्या बातमीपत्राला चाहते नसतात.

आता शेजारच्या मिरजेला जाऊ. विश्रामबागेहून लोकलने गेलो तर पुढचेच मोठे स्थानक. तेथे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दप्तरातील कागद वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. त्या पत्रांत मोहिमा आहेतच, पण त्यांच्या आगेमागे पाऊसपाणी आहे, धान्याची धारण आहे, कोणाचे दुखणे आहे. लिहिणाऱ्याला ही माहिती किरकोळ वाटली असेल. आज पानिपतोत्तर काळाचे अर्थकारण समजून घेऊ पाहणाऱ्याला तीच सोन्यासारखी वाटते. हे कागद रुमालांत बांधून राहिले, कारण ते धुऊन पुन्हा वापरण्याची सोय नव्हती!

दुपारचे बातमीपत्र ही आपल्या काळाची पाऊसपाण्याची पत्रे आहेत. रात्री नऊची चर्चा म्हणजे दरबार. तेथे मानकरी ठरलेले, आवाज चढलेले. बाजार समितीतील हळदीचा दर, तासगावच्या बेदाण्यावर आलेला अवकाळी पाऊस, तहसील कचेरीसमोर अंगणवाडी सेविकांनी धरलेले धरणे यांना जागा मिळते ती दुपारी, प्रेक्षक कमी असतात तेव्हा. आणि प्रेक्षक कमी म्हणून अंदाजपत्रकातील कात्री प्रथम तेथेच चालते.

उदाहरण परदेशातले, पण बोलके आहे. बीबीसीवर सकाळच्या वेळी व्हिक्टोरिया डर्बीशायर यांचा वृत्तकार्यक्रम एप्रिल २०१५पासून होत असे. लहानपणी प्रशिक्षकांकडून झालेल्या अत्याचारांविषयी माजी फुटबॉलपटू त्या कार्यक्रमात एकत्र बसून बोलले. त्या वार्तांकनाला बाफ्टा पुरस्कारही मिळाला. जानेवारी २०२०मध्ये वृत्तविभागाला ८ कोटी पौंड वाचवायचे होते, तेव्हा हा कार्यक्रम बंद करण्याचे ठरले. निवेदिकेला ती बातमी वर्तमानपत्रातून कळली.

आपल्याकडे जून २०२३मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा निर्णय झाला. सकाळी सात वाजून दहा मिनिटांचे पुण्याचे बातमीपत्र ही पश्चिम महाराष्ट्रातील कित्येक घरांची घड्याळ लावण्याची वेळ. ओरड झाली आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. आनंद आहेच. परंतु जे बंद करण्याचा आदेश निघतो, त्यावर निदान ओरड करता येते. निवृत्त वार्ताहराची जागा न भरणे, जिल्ह्यातील बातमीदाराचे मानधन लांबवणे, पंधरा मिनिटांची दहा मिनिटे करणे यांविरुद्ध मोर्चा कोण काढणार?

खासगी वाहिन्यांचे काय? २००७ आणि २००८ या दोन वर्षांत झी २४ तास, स्टार माझा, आयबीएन-लोकमत अशा मराठी वृत्तवाहिन्या लागोपाठ आल्या. चोवीस तास म्हणजे दुपारही भरपूर मिळणार, असा साधा हिशेब होता. तो चुकला. तालुक्याला कॅमेरा पाठवायचा तर गाडी, डिझेल, माणूस आणि दिवस लागतो. स्टुडिओत चार जण बसवायला खुर्च्या पुरतात. मग सकाळचीच चित्रफीत दुपारी चार वेळा फिरते, खाली पट्टी मात्र ‘ब्रेकिंग’ची.

येथे काही जण म्हणतील, दूरदर्शन म्हणजे सरकारी भोंगा, त्याचे एवढे कौतुक कशाला? आक्षेप खरा आहे. आणीबाणीत आकाशवाणी व दूरदर्शन यांचे काय झाले ते सर्वश्रुत आहे. त्यावरील उपाय शोधण्यासाठी १९७७ साली बी. जी. वर्गीज समिती नेमली गेली. प्रसार भारती कायदा व्हायला १९९० उजाडले आणि तो अमलात यायला १९९७. स्वायत्ततेसाठी वीस वर्षे! तीही पुरती मिळाली असे मी म्हणणार नाही. तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असली की स्वायत्तता तेवढीच असते.

तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा आक्षेप शेवटचा मानू नये. दरोदरबारी बसलेले अखबारनवीस तटस्थ नव्हते. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या सोयीचे लिहीत. म्हणून आपण अखबारे फेकून दिली का? पक्षपाती साधन कसे वाचावे, हे आपले शास्त्र आहे. नसलेले साधन वाचण्याचे शास्त्र मात्र अजून कोणाला सापडलेले नाही.

‘आता सगळे मोबाइलवर आहे’ हे उत्तर मी ऑगस्ट २०१९मध्ये ऐकून घेतले. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, पाणी ५७ फुटांवर गेले होते. विश्रामबाग उंचावर, म्हणून गावभागातील नातेवाईक आमच्या दोन खोल्यांत होते. दुपारभर एकच प्रश्न, कोयनेतून किती सोडले आणि अलमट्टीतून किती जाते? फोनवर दहा आकडे येत होते, त्यांतले नऊ परस्परविरोधी. एका निरोपाने धरण फुटल्याचे सांगितले, तेव्हा आमची आत्या रडू लागली. दहा मिनिटांनी ते खोटे निघाले. त्या दुपारी आम्हांला नामांकित विश्लेषक नको होता. ठरलेल्या वेळी येऊन, शहानिशा केलेला एक आकडा शांत आवाजात वाचणारा माणूस हवा होता. प्रदीप भिडे यांचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

तेव्हापासून प्रसार भारतीने जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे देशभर जवळपास सर्व बंद केली. तंत्र जुने होते, हे मान्य. जानेवारी २०२३मध्ये नव्या पायाभूत सुविधांसाठी सुमारे २,५४० कोटींची योजनाही मंजूर झाली. यंत्रे येतील. माझा प्रश्न यंत्रासमोर ठेवायच्या बातमीचा आणि ती गोळा करणाऱ्या माणसाच्या पगाराचा आहे.

मागणी मोठी नाही. प्रत्येक प्रादेशिक बातमीपत्राची एक प्रत त्या त्या विभागातील विद्यापीठाच्या ग्रंथालयात दरमहा जमा व्हावी. आता टेप लागत नाही, साठवण्याचा खर्च नगण्य आहे. आणि जिल्ह्याच्या बातमीदाराचे मानधन जाहिरातींच्या उत्पन्नाशी न बांधता वेगळ्या शीर्षाखाली ठेवावे. एवढे झाले तरी पन्नास वर्षांनी जतच्या पाण्यावर प्रबंध लिहिणाऱ्याला अर्ज हातात घेऊन परतावे लागणार नाही.

तोवर एक विनंती. तुमच्या घरी, मामाकडे, आजोळी माळ्यावर जुन्या व्हिडिओ कॅसेट असतील. लग्नाच्या चित्रणाच्या शेवटी कधी कधी दूरदर्शनच्या बातम्यांचा तुकडा राहिलेला असतो. विशेषतः २००५च्या पुराच्या दिवसांतला, किंवा त्याहून जुना. बुरशी आली असली तरी टाकू नका. मला निरोप पाठवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि परत आणून देईन.