मसाविच्या पुढची पायरी

इंटरनेटची सुरक्षा संख्या सिद्धान्तावर उभी आहे, हे वाक्य हल्ली कुठल्याही व्याख्यानात ऐकू येतं. टाळ्याही पडतात. पण फळ्यावर कुणी गणित करून दाखवत नाही. वास्तविक नववीतल्या पोराला जमावं एवढंच ते आहे. म्हणून आज या सदरात नुसती आकडेमोड.

५ आणि ११ या मूळ संख्या घ्या. गुणाकार ५५, तो जगजाहीर. दोन्हींतून एकेक वजा करून गुणलं की ४०. हा आकडा मात्र आपल्यापाशीच. उघड किल्ली ३. आता तुम्हाला मला ७ कळवायचाय. ७ चा घन ३४३, त्याला ५५ ने भागून बाकी १३. खुशाल पोस्टकार्डावर १३ लिहून टाका.

माझी गुप्त किल्ली २७. म्हणजे १३ चा सत्ताविसावा घात आणि त्याला ५५ ने भाग! घाबरायचं कारण नाही, दर पायरीला फक्त बाकी ठेवायची. १३ च्या वर्गाची बाकी ४. तिचा वर्ग १६. त्याच्या वर्गाची बाकी ३६, तिच्या वर्गाची ३१. हे झाले दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात. २७ म्हणजे १६, ८, २ आणि १ यांची बेरीज. तेव्हा ३१, ३६, ४ आणि १३ गुणत, बाकी काढत चला. १६ येतात, मग ९, मग ७. असं का होतं, ते ऑयलरने अठराव्या शतकातच सिद्ध करून ठेवलंय.

आणि २७ आली कुठून? जिला ३ ने गुणून ४० ने भागलं की बाकी १ उरते, ती ही संख्या. असली संख्या काढायची रीत म्हणजे कुट्टक: मसाविसाठी करतो तेच भागाकार, फक्त शेवटी उलट चढत यायचं. आर्यभटाने ती ४९९ मध्ये दिली. ११५० च्या ‘लीलावती’त भास्कराचार्य विचारतात, २२१ ला कितीने गुणून ६५ मिळवले की १९५ ने निःशेष भाग जाईल? (पाचाने.) चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचे ग्रंथ शिकवायला नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, तसा शिलालेख आहे. आम्ही मात्र पोरांकडून मसावि काढून घेतो, दोन गुण देतो आणि नेमके या पायरीच्या अलीकडे थांबतो. माझी तक्रार एवढीच.

भास्कराचार्यांना क्रिप्टोग्राफी येत होती, असं मात्र कृपा करून फॉरवर्ड करू नका. किल्ली काढायचं गणित जुनं. कुलूप १९७७ चं, रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांचं. ब्रिटिश गुप्तवार्ता खात्यातल्या क्लिफर्ड कॉक्सला ते १९७३ मध्येच सुचलं होतं, पण १९९७ पर्यंत दडपलं गेलं. यातली मेख अशी की गुणाकार सोपा, अवयव पाडणं महाकठीण. ५५ चे अवयव शेंबडं पोरही सांगेल. या तिघांनी १९७७ मध्ये आव्हान म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या फुटायला १९९४ उजाडलं, तेही शेकडो संगणकप्रेमींनी आपापली यंत्रं जुंपली तेव्हा. आज सर्रास वापरतात ती ६१७ अंकी असते.

गृहपाठ: मूळ संख्या ७ आणि १३, उघड किल्ली ५, पोस्टकार्डावर आलाय ६१. मूळ आकडा काढा. उत्तर पुढच्या आठवड्यात.