हरळीला पाणी, बाईच्या हाती खुरपं

गेल्या उन्हाळ्यात एका प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले होते. एम. एस. डब्ल्यू.ला माझ्या बरोबर असलेली एक मैत्रीण भेटायला आली. एकेकाळी आम्ही दोघींनी दारूबंदीच्या मोर्चात घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या आहेत. आल्या आल्या म्हणाली, "अगं, मी मेंबर झाले!" कशाची? तर शहराबाहेर नव्यानंच झालेल्या एका गोल्फ क्लबची. माझा चेहरा बघून तिनं लगेच पुढचं सांगितलं, "जगभर बायकांना या क्लबांची दारं बंद होती, माहितेय ना? ही पण स्त्रीमुक्तीच आहे." हसत म्हणाली, पण अर्धी गंभीर होती. "चल, बघ तरी."

गेले. मे महिना होता. वाटेतल्या टेकड्या करपून गेलेल्या. फाटकातून आत शिरलो आणि नजर जाईल तिथवर हिरवं. तुषार सिंचनाचे फवारे भर उन्हात गरागरा फिरत होते. दूरवर चार-पाच बाया उकिडव्या बसून खुरपत होत्या. मैत्रीण चहा सांगायला गेली, तशी मी त्यांच्याकडे गेले. दोन वाक्यं बोलले आणि बोलीवरून गाव कळलं. एक औसा तालुक्यातली, दोघी निलंग्याकडच्या. मी किल्लारीची म्हटल्यावर एकीनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि हसली. "काय काढताय?" मी विचारलं. "लव्हाळा काढायचा, बाकीचं तण काढायचं. हरळी तेवढी ठेवायची," ती म्हणाली. "गावाकडं हरळी काढून काढून कंबर मोडली, ताई. हितं तिलाच पाणी पाजायचं."

मैत्रिणींनो, मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकरणीला विचारा, काळ्या रानाचा सगळ्यात मोठा वैरी कोण? ती हरळीच सांगेल. मुळ्या खणून, वेचून बांधावर टाकल्या तरी पहिल्या पावसात परत उगवते. जगभरच्या उष्ण प्रदेशांतल्या गोल्फच्या मैदानांवर जिला बर्म्युडा गवत म्हणतात, ती हीच, किंवा तिच्याच कुळातली संकरित जात. आमच्या रानातलं तण तिथं लाखो रुपयांची संपत्ती झालं आहे. ते सांभाळायला मजूर म्हणून आमच्याच बाया गेल्या आहेत, कारण त्यांच्या स्वतःच्या रानात प्यायलाही पाणी उरलेलं नाही.

किल्लारीला गोल्फचं मैदान नाही आणि होईल असंही वाटत नाही. मग किल्लारीच्या कार्यकर्तीनं यावर का लिहावं? कारण प्रश्न खेळाचा नाहीच. प्रश्न आहे सभासद कोण होतं, कशाच्या जोरावर होतं, आणि सभासद झाल्यावर त्याला काय मिळतं, हा.

आधी पाण्याचा हिशोब मांडू. शाळेतल्या गणिताइतका सोपा आहे. अठरा होलच्या मैदानात वीस हेक्टरांवर पाणी द्यावं लागणारी हिरवळ धरा. उन्हाळ्यात तिला रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचं, तर दिवसाला दहा लाख लिटर लागतं. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटरचं आहे. म्हणजे अठरा हजार माणसांचं दिवसाचं पाणी. आता 2016 आठवा. मार्च महिन्यात लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. साऱ्या देशानं ती गाडी दूरदर्शनवर बघितली. एका गोल्फच्या मैदानाला तशा दोन गाड्या लागतात, तेही रोज. त्याच महिन्यात उच्च न्यायालयानं 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले, तेव्हा क्रिकेटच्या मैदानांवरच्या पाण्याची निदान चर्चा तरी झाली. गोल्फच्या हिरवळीवर मात्र कुणाचा डोळा गेला नाही. ती फाटकाच्या आत असते ना!

क्लबवाले सांगतात की आम्ही प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतो. वापरत असतील. पण प्रक्रिया केलेलं पाणी हेसुद्धा पाणीच असतं. ते शेताला द्यायचं, कारखान्याला द्यायचं की हरळीला, हा निर्णय कुणीतरी घेतलेला असतो. तो घेताना खुरपं हातात असलेल्या बाईला कुणी विचारलं होतं का?

आता मैत्रिणीच्या स्त्रीमुक्तीकडे वळू. तिचं म्हणणं खोटं नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा रॉयल अँड एन्शंट क्लब 1754 चा. स्त्रियांना सभासद करून घेण्याच्या बाजूनं तिथल्या पुरुषांनी मतदान केलं ते सप्टेंबर 2014 मध्ये, म्हणजे 260 वर्षांनी. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबानं पहिल्या काळ्या माणसाला सभासद केलं 1990 मध्ये आणि पहिल्या दोन स्त्रियांना 2012 मध्ये. त्यातल्या एक अमेरिकेच्या माजी परराष्ट्रमंत्री होत्या. जपानमधल्या कासुमिगासेकी क्लबावर ऑलिंपिकच्या गोल्फ स्पर्धा ठरल्या होत्या. त्यानं स्त्रियांना पूर्ण सभासदत्व द्यायचं मान्य केलं मार्च 2017 मध्ये, तेही बाहेरून दबाव आल्यावर. बाई म्हणून कुणालाही दारात अडवणं हा अन्यायच आहे, याबद्दल दुमत नाही.

पण ऑगस्टाची गोष्ट नीट बघा. काळ्या माणसांना सभासदत्व मिळायच्या आधी ते त्या मैदानावर नव्हते का? होते. कितीतरी वर्षं होते. गोऱ्या खेळाडूंच्या पिशव्या खांद्यावर वाहणारे कॅडी म्हणून होते. आपल्या औसा-निलंग्याच्या बायाही मैदानावर आहेतच. मैदानाला त्यांच्या श्रमाचं वावडं कधीच नव्हतं. वावडं आहे ते यादीत त्यांचं नाव असण्याचं. एका मंत्रीणबाईंचं नाव यादीत आलं म्हणून ही रचना बदलत नाही. उलट तिला एक नवा दाखला मिळतो: बघा, आमच्याकडे स्त्रियांनाही प्रवेश आहे!

आणि माझ्या मैत्रिणीचा प्रवेश तरी कसला? चहा पिताना तिचं कार्ड मी हातात घेऊन बघितलं. मुख्य सभासद तिचा नवरा. ती त्याच्यावर अवलंबून असलेली सभासद. त्याचं सभासदत्व संपलं की तिचंही संपणार. उद्या काडीमोड झाला तर ती फाटकाबाहेर. मी म्हटलं, "बाई गं, हे कार्ड मी ओळखते. आमच्याकडे याला सातबारा म्हणतात." ती गप्प झाली. तिला दुखवायचं नव्हतं, पण खरं तेच बोलले.

आमच्या भागात 'सभासद' हा शब्द घरोघरी आहे. कारखान्याचा सभासद, विविध कार्यकारी सोसायटीचा सभासद, पाणी वापर संस्थेचा सभासद. सोसायटीचं पीककर्ज जमिनीवर. कारखान्याचा ऊस जमिनीवर. 2005 च्या कायद्यानं झालेल्या पाणी वापर संस्थांचं सभासदत्व लाभक्षेत्रातल्या जमीनधारकाला. आणि जमीन कुणाच्या नावावर? नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, दिराच्या. पेरते ती, खुरपते ती, वेचते ती, हंडा आणते ती. सभासद तो.

यावर कुणी आम्हालाच सुनावेल, "गोल्फला नावं ठेवता, मग तुमच्या उसाचं काय?" हा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. एक हेक्टर उसाला दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागतं. गोल्फची हिरवळ हेक्टरी त्याच्या फार मागं नाही आणि फार पुढंही नाही. राज्यात गोल्फची मैदानं मूठभर आहेत आणि ऊस लाखो हेक्टरांवर आहे. तेव्हा पाणी गोल्फनं संपवलं असं मी म्हणणार नाही. मी म्हणते ते इतकंच की दोन्हीकडे रीत एकच आहे. ज्याचं नाव यादीत त्याला पाणी, आणि जिचं नाव नाही तिला खुरपं नाहीतर कोयता. ऊस हा आमच्या गावपुढाऱ्यांचा गोल्फच आहे. फरक एवढाच की उसाच्या फडात मजुरी मिळते म्हणून आपण त्याला विकास म्हणतो. तिकडे क्लबातही मजुरी मिळते म्हणून त्याला रोजगारनिर्मिती म्हणतात.

ही रीत आम्ही भूकंपानंतरही बघितली. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव झोपलेलं. मी तेव्हा आईच्या कडेवर होते. सुमारे दहा हजार माणसं गेली. पुढं 52 गावं नव्या जागी वसवली. नव्या घराचं माप काय ठरलं? भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला 250 चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला 400. सात हेक्टरच्या वर 750. धरणीकंपानं लहान-मोठा वाडा बघितला नव्हता. सरकारनं मात्र जमीन बघून घर मापलं. जिच्या नावावर जमीन नाही ती बाई या मोजपट्टीत कुठं बसते? नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या ओळीत. पुढं घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात महिला मंडळांच्या बाया गावोगाव 'संवाद सहायक' म्हणून उतरल्या. सिमेंट कसं कालवायचं, भिंतीला पट्टा कुठं घालायचा, हे त्यांनी घराघरांत समजावलं. म्हणजे कामाला बाई लागली आणि हक्काला जमीन.

त्याच 1993 साली, भूकंपाच्या पाच महिने आधी, 29 एप्रिलला जपान, मलेशिया आणि थायलंडमधल्या कार्यकर्त्यांनी जागतिक गोल्फविरोधी चळवळीची घोषणा केली होती. शेतं आणि जंगलं उठवून मैदानं करण्याची लाट तेव्हा त्या देशांत आली होती. ती लाट आपल्याकडेही पोचली. गोव्यात पेडणे तालुक्यातल्या तेरेखोलला, आपल्या सिंधुदुर्गाच्या अगदी सीमेवर, गोल्फ रिसॉर्टसाठी काजूच्या बागा आणि शेतजमिनी घेतल्या गेल्या, तेव्हा 'आम्ही इथली कुळं आहोत' म्हणत गावकरी उभे राहिले. नवी मुंबईत सीवूड्सजवळच्या पाणथळ जागेवर गोल्फ कोर्स आणि उंच इमारतींचा घाट घातला गेला. नोव्हेंबर 2018 मध्ये उच्च न्यायालयानं त्या विरोधात निकाल दिला आणि प्रकरण पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलं. खारघरला तर सिडको या सरकारी महामंडळानंच 2012 मध्ये डोंगरपायथ्याशी मैदान सुरू केलं. शेतकऱ्यांकडून जमिनी संपादित करून जे शहर वसवलं, त्याच शहरात हे मैदान आहे, हे विसरू नका.

मग आपण मागायचं काय? क्लबात निम्म्या जागा? नाही. आपल्याकडे याहून चांगलं उत्तर आधीच होऊन गेलं आहे. विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा की पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही. म्हणजे सभासद व्हायला जमीन असावी लागत नाही, माणूस असणं पुरतं. बाईला माणूस म्हणून मोजायला सुरुवात केली तर या नियमात तीही आपोआप येते, नवऱ्याच्या कार्डाशिवाय.

कायद्यानंही काही दारं उघडलेली आहेत. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, 1992 मध्ये शासनानं सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायची वाट करून दिली, 1994 मध्ये महाराष्ट्रानं आणि 2005 मध्ये देशानं वडिलार्जित जमिनीत मुलींना बरोबरीचा हिस्सा दिला. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. पण तलाठ्याकडे गेलेल्या बाईला 'मालकाला पाठव' हेच ऐकावं लागतं, आणि महिला सभा पुष्कळ ठिकाणी रजिस्टरावरच्या अंगठ्यांपुरती होते. ही दारं आपण रेटायची आहेत.

म्हणून एक साधं काम सुचवते. आपल्या प्रत्येक गटानं येत्या तीन महिन्यांत आपापल्या गावच्या सोसायटीची आणि पाणी वापर संस्थेची सभासद यादी मागावी. महिला सभेत ती मोठ्यानं वाचावी. बायकांची नावं किती, हे मोजावं. त्यांतल्या किती जणींना आपण सभासद आहोत हे माहीत आहे, हेही विचारावं. मग सातबारावर नाव लावण्याचे अर्ज एकेकटीनं नाही, पंचवीस-तीस जणींनी मिळून तलाठ्याच्या टेबलावर ठेवावेत. आणि जिथं कुठं नवं मैदान, नवं रिसॉर्ट, नवा कारखाना येईल, तिथं पहिला प्रश्न पाण्याचा विचारावा: कुणाचं, किती, आणि कुणाला विचारून?

मैत्रिणीचा परवा फोन आला होता. कार्ड परत करणार नाही म्हणाली. मीही आग्रह धरला नाही. पण तिनं क्लबाच्या कचेरीत जाऊन खुरपणाऱ्या बायांना रोज किती मजुरी मिळते हे विचारलं. उत्तर मिळालं नाही. सभासदांनी असले प्रश्न विचारायचे नसतात, असं तिला सांगण्यात आलं. "आता काय करू?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "पुन्हा जा. या खेपेला त्या बायांना बरोबर घेऊन जा."