यंत्राने आडनावे मोजली. भिंत कोण वाचणार?

हिंदी चित्रपटातला डॉक्टर कोणत्या जातीचा असतो? हा प्रश्न आपण विचारला की "तुम्हाला जिकडेतिकडे जातच दिसते," असे सुनावले जाते. आता तेच उत्तर संगणकाने दिले आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी 70 वर्षांतील बॉलिवूड व हॉलिवूडचे प्रत्येकी 700 गाजलेले चित्रपट घेऊन त्यांचे संवाद यंत्राकडून तपासून घेतले. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पडद्यावरील डॉक्टरांची आडनावे उच्चवर्णीयांकडेच झुकलेली आढळली. सुंदर बाईची कातडी कशी असावी, तर गोरी! तेही यंत्र याच संवादांतून शिकले.

पण हा अभ्यास सबटायटल्सचा, म्हणजे लिखित संवादांचा. ज्याला पडद्यावर आडनावच नाही, त्या नोकराची, गड्याची मोजदाद कशी होणार? शिवाय आडनावाचा हिशेब आपल्याकडे चालत नाही. वाशीम-रिसोडकडे गायकवाड, जाधव, पवार अनेक जातींत सापडतात. म्हणून तर आडनाव सांगितल्यावरही "कोणते गाव? कोणती वस्ती?" असे खोदून विचारले जाते.

आता यंत्रे चित्रही वाचू लागली आहेत. सेकंदाला 24 चौकटी म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटात 2 लाख 16 हजार. यंत्र शेजारच्या चौकटींचे रंग व उजेड ताडून पाहते, एकदम फरक पडला की तिथे शॉट तोडते. मग त्या तुकड्यातले चेहरे, वस्तू, आवाज ओळखून त्यांना नावे देते. ही नावे त्याला माणसेच शिकवतात, आणि शिकवणाऱ्याची नजर त्यात उतरते. चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली 2018 साली तपासल्या गेल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर 0.8 टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत 34.7 टक्क्यांपर्यंत!

अशा यंत्रापुढे नागराज मंजुळे यांचा 2013 चा 'फँड्री' ठेवा. जब्या आणि त्याच्या घरचे पकडलेले डुक्कर काठीला बांधून नेत आहेत. मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा. यंत्र लिहील, "माणसे, प्राणी, भिंत, चित्रे." त्याच्या आधी राष्ट्रगीत सुरू होते आणि हातचे डुक्कर सोडून सारे कुटुंब ताठ उभे राहते. तिथे यंत्राची नोंद, "संगीत. हालचाल नाही." नोंद चुकीची म्हणता येणार नाही, पण प्रसंग हातून निसटला.

या मोजणीला नाके मुरडण्यात अर्थ नाही. 1,400 चित्रपटांचा हिशेब तोंडी आरोपापेक्षा जड असतो, तो वादात वापरलाच पाहिजे. मात्र दृश्यांना नावे देण्याचे काम परक्यांवर सोडून चालणार नाही. वाशीम, कारंजा, मंगरूळपीरहून संगणक शिकायला पुण्या-नागपूरला गेलेली आपली मुले शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असतात. त्यांनी 'फँड्री' घ्यावा, शॉट यंत्राला तोडू द्यावेत आणि प्रत्येक शॉटखाली कोण उभा आहे, कोण बसला आहे, पाणी कोण कोणाला देतो, हे स्वतःच्या हाताने लिहावे.