ट्रेडर व्हायचंय, पण विषय कोणता घ्यावा?

चिपळूणहून एका भगिनीने विचारले आहे : मुलगा बारावी सायन्सला आहे, गणित चांगले आहे. त्याला शेअर बाजारात ट्रेडर व्हायचे आहे. अब्बा कुवेतला असतात. मुलाचे म्हणणे असे की तीन-चार वर्षे कॉलेजात घालवण्यापेक्षा ट्रेडिंगचा क्लास करतो आणि घरूनच मोबाइलवर सुरुवात करतो. त्याला काय सांगावे?

आधी एक फरक त्याच्यासमोर मांडा. स्वतःच्या खात्यावर सौदे करणे ही नोकरी नव्हे. बँकेच्या ट्रेझरीत, म्युच्युअल फंडाच्या डीलिंग विभागात किंवा स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या एखाद्या कंपनीत जो बसतो, तो पगारी ट्रेडर. पैसा संस्थेचा असतो, नुकसानीची मर्यादा ठरलेली असते आणि डोक्यावर वरिष्ठ असतात. घरी बसून मोबाइलवर ऑप्शन्स घेणाऱ्याकडे यातले काहीच नसते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. प्रत्येकी सरासरी तोटा सुमारे २ लाख रुपये. तोट्यातल्या या लोकांनीही क्लास केलेच असतील.

आता विषय. ‘ट्रेडिंग’ नावाची पदवी शोधू नका. बी.कॉम. फायनान्शिअल मार्केट्ससारखे अभ्यासक्रम वाईट नाहीत, बाजाराची भाषा ते नीट शिकवतात. पण गणित चांगले असलेल्या मुलाने ते सोडून तिकडे वळणे मला तोट्याचे वाटते. बाजाराची भाषा सहा महिन्यांत नोकरीवर शिकता येते, संभाव्यताशास्त्र तसे शिकता येत नाही. अमेरिकेतले जेम्स सायमन्स हे मुळात गणिताचे प्राध्यापक. त्यांनी आपल्या रेनेसाँ कंपनीत बाजारातल्या मुरलेल्या लोकांऐवजी गणिती, भौतिकशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञ घेतले.

म्हणून माझी पहिली पसंती संख्याशास्त्राला, जोडीला कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बी.स्टॅट.साठी बारावीला गणित लागते आणि वेगळी प्रवेश परीक्षा असते. ती कठीण आहे, पण प्रयत्न करून पाहायला हरकत नाही. घराजवळच राहायचे तर पुण्या-मुंबईच्या चांगल्या कॉलेजांत बी.एस्सी. संख्याशास्त्र आहेच. दुसरी पसंती अर्थशास्त्राला, तेही गणितासह. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्रालाही बारावीचे गणित लागते. इंजिनिअरिंग मिळत असेल तर तोही रस्ता बंद नाही. शिकता शिकता एनआयएसएमच्या प्रमाणपत्र परीक्षा देता येतात. ब्रोकरकडे डेरिव्हेटिव्हजच्या टर्मिनलवर बसणाऱ्याला त्यातली एक लागतेच.

या भगिनीने पत्राच्या शेवटी, जरा संकोचून, कमाई हलाल असेल का हेही विचारले आहे. खरे तर हा प्रश्न विषय निवडण्याआधीचा आहे. जायज धंद्यातल्या कंपनीचा शेअर पैसे भरून, ताब्यात घेऊन विकण्यास अनेक उलमा परवानगी देतात. मात्र जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९२ मध्येच ऑप्शन्सचे करार नाजायज ठरवले आहेत. बँकेच्या ट्रेझरीत तर व्याजाच्या रोख्यांचीच उलाढाल. म्हणजे ट्रेडरच्या ज्या खुर्च्यांवर मोठा पगार आहे, त्यातल्या बऱ्याच आपल्यासाठी अवघड. मुलाला हे नोकरी लागल्यावर नव्हे, आत्ताच कळू द्या. आपल्या भागातल्या जाणकार आलिमांना दोघांनी मिळून भेटा. संख्याशास्त्राकडे माझा कल असण्याचे हेही एक कारण : त्या पदवीवर तो शेअर संशोधनात जाऊ शकतो, टाटा एथिकलसारख्या शरिया निकष पाळणाऱ्या फंडाकडे नोकरी शोधू शकतो, किंवा बाजार सोडून औषध कंपनीत डेटाचे काम करू शकतो. मोबाइलवरच्या चार वर्षांनी यातले एकही दार उघडत नाही.

क्लासची फी भरण्याआधी शिकवणाऱ्याकडे त्याच्या स्वतःच्या ट्रेडिंगचे, आयकर विवरणात दाखवलेले आकडे मागा. नफ्याचे स्क्रीनशॉट नकोत. आणि अब्बांच्या नावाने खाते उघडून त्यावर सौदे करण्याचा बेत असेल तर तो तिथेच थांबवा. अनिवासी भारतीयाला शेअरमध्ये इंट्राडे करता येत नाही, घेतलेल्या शेअरची डिलिव्हरी घ्यावीच लागते.