तुमच्या नाकाची जात कुठली?

मी कोरियन हॉटेलात जेवलो. गोदीत पोलादाच्या कॉइलखाली लाकडं सरकवणारा, मॅट्रिक पास, कविता करणारा मी, एका पाळीची हजेरी एका बैठकीत खाऊन आलो आणि वर त्यावर लिहितोय. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. पुढं आपल्याच मंडळाच्या पुलावावर यायचंय, तेव्हा हसू येणार नाही.

१ जानेवारीला विजयस्तंभाला गेलो होतो. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब तिथं उभे राहिले, म्हणून आपण जातो. मानवंदना झाली, पुस्तकांच्या स्टॉलवर खिसा अर्धा रिकामा झाला. माझा एक दोस्त त्याच नगर रोडवर पुढं रांजणगावला एका कारखान्यात कंत्राटी आहे. नऊ वर्षं कंत्राटी. तो म्हणाला, चल, आज तुला आमचे साहेब काय खातात ते दाखवतो. रांजणगाव, तळेगाव या बाजूला कोरियन कंपन्या आल्या, त्यांच्यामागं साहेबांची बायकापोरं पुण्यात आली, आणि पोटाला आपलं अन्न लागतंच म्हणून त्यांच्यातल्याच कुणी कुणी छोटी हॉटेलं टाकली.

हे तसलंच. सहा टेबलं. नवरा गल्ल्यावर, बायको चुलीवर, म्हातारी कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली, एक शाळकरी पोरगी पाणी आणून देते आणि मधेच गृहपाठ करते. बसल्या बसल्या न मागता पाच-सात वाट्या आल्या: किमची, मुळा, मोड आलेलं कडधान्य, वाळलेली बारीक मासळी. संपल्या की परत भरून. याचे पैसे नाहीत. दोस्त म्हणाला याला बानचान म्हणतात. मग डुकराच्या पोटाच्या चरबीचे लांब पट्टे तव्यावर टाकले आणि मालकीणबाई स्वतः येऊन शिंप्यासारखी कात्री घेऊन ते तुकडे करून गेल्या. माझं बघून हसल्या, चरबीचा तुकडा लेट्यूसच्या पानात गुंडाळून कसा एका घासात कोंबायचा ते खुणेनं दाखवलं. त्या देशात हॉटेलवाल्या बाईला ‘इमो’ अशी हाक मारतात. इमो म्हणजे आईची बहीण, मावशी. मला आपल्या दवाखान्यातल्या, शाळेतल्या, दुसऱ्याच्या घरात फरशी पुसणाऱ्या मावश्या आठवल्या. तीच हाक. इथं मावशी वाढते आणि गल्ला मोजते, तिथं मावशी कपबशी वेगळी ठेवलेल्या घरात चहा पिते.

मग मधोमध एक उकळतं भांडं आलं. लालभडक रस्सा, त्यात किमची, डबाबंद मांस, सॉसेज, मॅगीसारख्या शेवया. सगळ्यांनी आपापला चमचा त्या एकाच भांड्यात घालायचा, तोंडात घालायचा, परत भांड्यात घालायचा. उष्ट्या-खरकट्याचा हिशेबच नाही. शेजारच्या टेबलावर चौघं होती, बोलण्यावरून पेठेतली, नोकरीवरून हिंजवडीतली. त्यांचेही चार चमचे एकाच भांड्यात. मी बघत राहिलो. तीन हजार वर्षांचं सोवळं, एका भांड्यात विरघळून गेलं च्यायला! सोसायटीच्या गेटवर पोचेपर्यंत परत गोठणार, हा भाग वेगळा.

त्यांच्यातली एक पोरगी सोलला जाऊन आली होती. सांगत होती, तिथं रस्त्यावर सुंदे मिळतं. डुकराच्या आतड्यात रक्त आणि शेवया भरून वाफवतात. आणि सॉन्जी, म्हणजे गोठलेलं रक्त, त्याचं सूप, रात्री दारू प्यायली की सकाळी उतारा म्हणून पितात. काय टेस्ट! काय टेक्स्चर! बाकीचे तिघं डोळे मोठे करून ऐकत होते. कुणी नाक धरलं नाही.

माझी आई रक्ती करते. करायची. खाटकाकडून किटलीत बकऱ्याचं रक्त आणायची, ते गोठू द्यायचं, उकडायचं, सुरीनं वड्या पाडायच्या, मग कांदा भरपूर, हिरवी मिरची, मीठ, असेल तर थोडं खोबरं. मराठवाड्याकडं कुणी लाकुटी म्हणतं. आम्ही वडाळ्याच्या झोपडीत होतो तोवर ती दर रविवारी करायची. मग झोपडी गेली, त्याच जागी बिल्डिंग आली, आम्ही पाचव्या मजल्यावर गेलो, आणि एका रविवारी समोरच्या दारातून कुणीतरी अगरबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवून आमच्या उंबऱ्यात ठेवला. शिवी नाही, भांडण नाही. नुसत्या अगरबत्त्या. माझ्या बहिणीचं तेव्हा लग्न जमत होतं. तिनं कढई घासली, माळ्यावर टाकली आणि आईला म्हणाली, आता बास. आई काही बोलली नाही. तिच्या त्या न बोलण्यावर मी आजवर एक ओळ लिहू शकलेलो नाही.

तर मी त्या टेबलाकडं वळून म्हणालो, आमच्या घरी पण करतात. रक्ती म्हणतात.

पोरगी वाईट नव्हती. कुतूहलानं म्हणाली, अय्या, म्हणजे तुम्ही आदिवासी का? मी म्हणालो, नाही, वडाळ्याचा. तिच्या सोबतचा चष्मेवाला मला समजावत म्हणाला, ते वेगळं असतं हो. तिथं सगळं हायजिनिक असतं. मी विचारलं, वेगळं म्हणजे काय? रक्त वेगळं? तो हसला आणि मोबाइल बघायला लागला.

हायजिनिक! रक्त तेच, उकळतं पाणी तेच, उकळायचा वेळ तोच. फरक एवढाच की ते रक्त विमानाचं तिकीट काढून खाल्लं. साले, तुमच्या जिभेला जात नाही, तुमच्या पोटाला जात नाही. तुमची सगळी जात नाकात येऊन बसलीय. किमचीचा आंबूस वास तुम्हाला कल्चर, सोयाबीन सडवून केलेल्या द्वेनजांगचा उग्र दर्प तुम्हाला प्रोबायोटिक, आणि आमच्या बोंबलाच्या वासावर तुमच्या सोसायटीचा ठराव! २०२० साली त्याच कोरियाच्या ‘पॅरासाइट’ सिनेमाला ऑस्कर मिळालं तेव्हा तुम्हीच लेख पाडले. त्या सिनेमात श्रीमंत मालक ड्रायव्हरच्या अंगाच्या वासाला नाक मुरडतो आणि शेवटी असंच नाक धरल्यापायी खून पडतो. तुम्ही टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन कचरेवाल्याला लिफ्ट नको म्हणालात.

परत आल्यावर मी कोरियाबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. आणि जे सापडलं ते त्या चष्मेवाल्याला ठाऊक नाही, आपल्यालाही नव्हतं. त्या देशात अस्पृश्य होते. पेक्जॉन्ग म्हणायचे त्यांना. जनावर कापणारे, कातडं कमावणारे, वेताच्या टोपल्या विणणारे. गावाबाहेर वस्ती. घरावर कौलं घालायची नाहीत, रेशीम घालायचं नाही, इतरांसारखी हॅट घालायची नाही, आणि दुसऱ्याच्या शेंबड्या पोरालाही अहो-जाहो करायचं. ओळखीचं वाटतंय ना? १८९४ साली कागदावर ते सगळं रद्द झालं. कागदावर. १९०९ साली जिन्जू गावच्या चर्चमध्ये मिशनऱ्यांनी पेक्जॉन्गांना सगळ्यांबरोबर प्रार्थनेला बसवलं, तर बाकीचे ख्रिस्ती उठून चालते झाले. येशूच्या दारातसुद्धा!

त्याच जिन्जूत १९२३ च्या एप्रिलमध्ये पेक्जॉन्गांनी संघटना उभी केली: ह्यॉन्गप्यॉन्गसा. चिथावणी काय होती? पोराला शाळेत घेतलं नाही. आणि नावाचा अर्थ काय? ह्यॉन्ग म्हणजे तराजूची दांडी, प्यॉन्ग म्हणजे समतल. ज्या तराजूनं मांस तोलल्याबद्दल तुम्ही आम्हाला हलकं ठरवलंत, तोच तराजू आम्ही आमच्या चळवळीचं नाव म्हणून घेतो! मी दिवसभर काट्यावर माल चढवणारा माणूस आहे, दांडी समतल येणं म्हणजे काय ते मला कवितेत वाचावं लागत नाही. हे महाडच्या चार वर्षं आधी. आणि त्यांच्यावरही दंगली घातल्या, शेतकऱ्यांनी घातल्या, त्यांच्याकडचं मांस घेऊ नका म्हणून बहिष्कार पुकारले. त्यांनी सुरी टाकून दिली नाही. सुरीची लाज टाकून दिली.

आता मधल्या उकळत्या भांड्याची गोष्ट. त्याचं नाव बुदे-जिगे. बुदे म्हणजे लष्करी तळ. १९५० ते ५३ च्या युद्धात त्या देशाची राख झाली. अमेरिकन छावण्यांतून उरलेलं, फेकलेलं, चोरून बाहेर आलेलं डबाबंद मांस आणि सॉसेज किमचीत उकळून लोक जगले. उष्टंच ते. आणि आज तेच पदार्थाच्या नावात लिहून, चित्रासकट, मेनूकार्डावर. पोरगी गृहपाठ सोडून आमच्यासमोर ते भांडं ठेवते तेव्हा तिच्या आजीची भूक ठेवते, आणि तिच्या चेहऱ्यावर काही लपवल्यासारखं नसतं.

इथं आपल्यातले शिकलेले मला अडवणार. माहीत आहे. गेल्या महिन्यात मंडळाच्या मीटिंगीत अडवलंच. १४ एप्रिलच्या रात्री भोजनात मी रक्तीचा एक हंडा ठेवा म्हणालो, तर बँकेतले दादा उभे राहिले: बाबासाहेबांनी १९२७ ला महाडात सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं सोडा, आणि तू आम्हाला परत त्या उकिरड्यात नेतोस? ठराव झाला व्हेज पुलावाचा. माझ्या बाजूनं तीन हात.

दादा, मी बाबासाहेबांवर बोलायला लहान आहे, पण वाचता येतं. त्यांनी सोडायला सांगितलं ते गावकीचं ओझं. मेलेलं ढोर ओढायचं आणि मजुरीऐवजी तेच खायचं, दारोदार भाकरी मागायची, हा जो करार आपल्या पाठीवर गोंदला होता तो फाडायला सांगितला. खाटकाला रोख पैसे देऊन आणलेलं रक्त त्यात कुठं बसतं? १९४८ सालच्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांनीच मांडलं की गोमांस खाणं हे आपल्यावरच्या शिक्क्याचं निमित्त झालं. निमित्त कुणी केलं तेही मांडलं. आपण शिक्का मारणाऱ्याला सोडून पातेल्याला गुन्हेगार ठरवतो. आणि अहिंसा म्हणाल, तर ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ परत उघडा. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यात त्यांनी फरक केलाय. पेक्जॉन्गांना हीन ठरवण्यात तिकडच्या कन्फ्यूशियस-पंथी उतरंडीबरोबर बुद्धाच्या नावानं पोसलेली खाटकाची घृणाही होती, हे मला वाचून झोंबलं. बौद्ध झालो म्हणून नाक आपोआप स्वच्छ होत नाही दादा. आपण धर्म सोडला आणि त्यांचं नाक उसनं घेऊन बिल्डिंगीत राहायला गेलो.

आता कुणी म्हणेल हा कोरियाचा भाट झाला. नाही बाबा. माझा दोस्त ज्या कारखान्यात आहे तिथं कोरियन साहेबांचं जेवण वेगळ्या खोलीत, कायम कामगारांची रांग वेगळी, कंत्राट्यांची वेगळी. भांडवलाला भाषा लागत नाही. आणि त्या हॉटेलातही मेनूवर बुलगोगी होतं ते डुकराचं. त्यांच्याकडं ते गाईबैलाचं असतं. इथं गाय १९७६ च्या कायद्यानं बंद, २०१५ पासून बैलही, पाच वर्षांपर्यंत कैद. मालकाला विचारलं तर त्यानं नुसते दोन्ही हात एकावर एक ठेवून बेडीची खूण केली आणि हसला. परक्या देशातून आलेल्या माणसाला सुद्धा इथला ब्राह्मण्याचा कायदा खुणेनं सांगता येतो.

हात धुवायला मागं गेलो. मोरीत एक बाई भांडी घासत होती. एप्रनखाली पांढरी साडी, पदराला निळी फीत. सकाळी स्तंभाला जाऊन दुपारच्या कामावर आलेली. जय भीम घातला. चमकली, मग हसली. गिऱ्हाईक गेल्यावर घरचे सगळे एका टेबलावर जेवायला बसतात, मला ते दिसत होतं, म्हातारी, पोरगी, नोकर पोरं, मधे भांडं. मी विचारलं, तुम्ही नाय बसत? म्हणाली, “ती बाई रोज बोलावती. मीच नाय जात. डबा हाय माझा.” का? तिनं हात धुतले, पुसले, बाहेरच्या गिऱ्हाइकांकडं बघितलं. “आपलीच मानसं येत्यात की आता हितं,” म्हणाली, “कुनी बघितलं तर?”

बिल अठराशे. निम्मं त्यानं दिलं, निम्मं मी.

तेव्हा मंडळाला हे जाहीर कळवतो. तुमचा पुलाव तुम्ही करा, मी दोन ताटं खाईन. पण १४ एप्रिलच्या रात्री मिरवणूक संपली की आमच्या बिल्डिंगच्या खाली, पाण्याच्या टाकीशेजारी, हंडा लागेल. आम्ही तीन हात आहोत. रक्ताचे पैसे आम्ही देऊ, कांदा ज्यानं त्यानं आणायचा. कढई माळ्यावरून काढलीय, तळाला गंज होता तो घासून काढला. आई अजून हो म्हणाली नाही. बहीण माझ्याशी बोलत नाही. पण परवा आईनं जाता जाता एवढंच विचारलं, किती मानसं येनार?