पोच द्यावी, पण ज्याची त्यानेच



नोव्हायच्या सरकारी शाळेत जायला इंटरव्ह्यू लागत नाही. इथे घर असलं की झालं. पण आमच्यापैकी काहीजण ब्लूमफील्ड हिल्सच्या क्रॅनब्रूकसारख्या खाजगी शाळांत अर्ज करतात, तिथे इंटरव्ह्यू असतो. पुढे कॉलेजच्या वेळी ॲन आर्बरचं मिशिगन विद्यापीठ इंटरव्ह्यू घेत नाही, पण एमआयटीसारख्या ठिकाणचे माजी विद्यार्थी घेतात, तेही पगार न घेता. इंटरव्ह्यू संपला की घरोघरी एकच प्रश्न: थँक यू नोट पाठवायची का, आणि कोणी लिहायची?

आमच्या मोठ्या गटात यावर जोरदार वाद झाला. एकजण म्हणाला, "हा तर मस्का!" दुसरी म्हणाली, "मराठीत कुठे इतकं थँक यू म्हणतात? आईने पोळी वाढल्यावर धन्यवाद म्हटलं तर ती विचारेल, बरं आहे ना तुला?" खरंच आहे. आपल्याकडे आभार म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटी, माइकवर!

तेव्हा बाईंनी आम्हाला एक शब्द शिकवला: पोच. पूर्वी पत्र किंवा मनीऑर्डर आली की पोच द्यायची पद्धत होती. नातेवाइकांकडे राहून परतलं की "सुखरूप पोचलो" असं कार्ड टाकायचे. पोच म्हणजे मस्का नव्हे. "तुम्ही दिलेलं मिळालं," एवढंच ती सांगते. इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनी आपल्याला वेळ दिला, त्याची ही पोच. आम्हाला हे एकदम पटलं.

आता दुसरा प्रश्न. आमच्यातल्या एकीने इंटरव्ह्यूत खरं सांगितलं, की गणित जड जातं, पण मातीची भांडी करायला खूप आवडतात. समोरच्या बाई हसल्या आणि आपल्या पहिल्या वाकड्या भांड्याची गोष्ट सांगू लागल्या. त्याच रात्री बाबांनी तिच्या नावाने ई-मेल पाठवली: लहानपणापासून गणित हाच माझा ध्यास आहे! तिला प्रवेश मिळाला नाही. का, ते कोणालाच ठाऊक नाही. पण ती म्हणते, "प्रवेशाचं दुःख गेलं. त्या बाईंना मी खोटी वाटले असेन, ते अजून जात नाही."

बाबांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या वेळी मुलांचे अर्ज मोठी माणसंच लिहीत. पण पोच ज्याला मिळालं त्यानेच द्यायची असते.

म्हणून आमचं मत असं:

१. पत्र एक-दोन दिवसांत जावं. ई-मेल चालते. हाताने लिहिलं तर छानच.
२. नाव बरोबर लिहावं. दोघांनी इंटरव्ह्यू घेतला असेल तर दोघांना वेगळं पत्र.
३. चार-पाच ओळी पुरे. बोलण्यातली एक तरी खरी गोष्ट त्यात असावी, वाकड्या भांड्यासारखी.
४. निकाल विचारू नये, आणखी मार्क सांगू नयेत. मिठाईचा डबा तर मुळीच नको!
५. आई-बाबांशीही कोणी बोललं असेल, तर त्यांनी आपलं पत्र वेगळं लिहावं.

पत्रामुळे प्रवेश मिळेल असं आम्ही म्हणत नाही. प्रवेश मिळो न मिळो, वेळ तर मिळालाच होता ना?

आई-बाबा, एकच विनंती. स्पेलिंग जरूर तपासा, पण वाक्यं आमचीच राहू द्या. थोडी वाकडी असली तरी ती आमची आहेत.

आणि दोस्तांनो, सराव करायचा असेल तर आजीपासून सुरुवात करा. मागच्या वेळी तिने पाठवलेल्या लाडवांची पोच कोणी कोणी दिली? हात वर करा!

कळावे, लोभ असावा.

तुमचीच,
मोठ्या गटाची मुलं