रक्त पातळ होण्याची गोळी आणि घरचे मशीन

कोल्हारहून एका भगिनीचे पत्र आले आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची झडप बदलून धातूची बसवली. तेव्हापासून रक्त पातळ होण्याची गोळी रोज चालू आहे. दर महिन्याला रक्त तपासायला जायचे म्हणजे एक रोज बुडतो, एस.टी.चे भाडे वेगळे. पुण्याला कंपनीत असलेला मुलगा म्हणतो, "आई, शुगरच्या मशीनसारखे घरचे मशीन घेऊन देतो." घ्यावे का, असे त्या विचारतात.

ताई, या गोळीने रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही; ते गोठायला उशीर लागतो, इतकेच. किती उशीर, ते 'आयएनआर' या आकड्यावरून कळते. गोळी न घेणाऱ्याचा आकडा १ च्या आसपास असतो. धातूची झडप असेल तर तो बहुधा २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवतात; झडप कोणत्या जागी आहे त्यावर थोडा फरक पडतो. तुमचा आकडा डिस्चार्ज कार्डावर लिहिलेला असेल, नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या. आकडा उतरला तर झडपेवर गुठळी धरते, फार चढला तर आत रक्तस्राव होतो.

आता मशीनचे. शुगरचे मशीन या कामाला चालत नाही, हे वेगळे येते. बोटाला टोचून थेंब पट्टीवर ठेवला की मिनिटभरात आकडा दिसतो. पण मुलाला सांगा, मशीनच्या किमतीआधी पट्टीची किंमत विचार. एक पट्टी एकदाच वापरायची. वर्षाच्या बारा तरी लागतातच. आजारपण आले, गोळी कमी-जास्त केली, की आठवड्याला एक लागते. थेंब लहान पडला तर ती पट्टी वाया. शिवाय काही पट्ट्या ३० अंशांपेक्षा जास्त उष्णतेत टिकत नाहीत. वैशाखात आपली पत्र्याची घरे किती तापतात, ते मी तुम्हाला काय सांगावे! डबीवरची मुदतही पाहावी लागते.

घेतलेच तर पहिल्या खेपेस त्याच दिवशी प्रयोगशाळेतही रक्त द्या. दोन्हींत अर्ध्याहून जास्त फरक आला तर मशीनवर भरवसा ठेवू नका. आकडा ४ च्या वर दाखवला तर तो प्रयोगशाळेतून पक्का करून घ्या आणि डॉक्टरांना लगेच कळवा. अंगात रक्त फार कमी असेल तरीही मशीन चुकते. आणि आकडा पाहून गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करायची नाही. फोनवर आकडा ऐकून डोस सांगणारा डॉक्टर नसेल, तर ते मशीन कपाटातच बरे.

माझे मत विचाराल तर तुम्ही आत्ता घेऊ नका. लोणीचे मोठे रुग्णालय तुम्हाला जवळ आहे. ते पैसे दर महिन्याच्या तपासणीला आणि बुडालेल्या रोजाला पुरतील. सहा-सहा महिने ऊसतोडीला परमुलखात राहणाऱ्या घरात असा रुग्ण असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे मशीनचा खरा उपयोग आहे.

कोणी म्हणेल, तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत. निघाल्या आहेत, पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. २०१२ साली अशा रुग्णांवर त्यांतली एक गोळी तपासली, तेव्हा गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले, म्हणून ती चाचणी मध्येच थांबवावी लागली.

मेथी-पालक खाऊ का, असेही विचारले आहे. खा, पण आठवड्याला साधारण सारखीच. एकदम जुडीच्या जुडी नको, एकदम बंदही नको. कंबर दुखली म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी आणू नका. ताप आला तर गावच्या डॉक्टरांना आधी ही गोळी दाखवा, कमरेत सुई घेऊ नका. तिथे आत रक्त साचते. शौचाला काळे झाले, डोक्याला मार लागला, तोंड वाकडे झाले, तर महिन्याची तारीख पाहत बसू नका. रात्री निजल्यावर झडपेचा टिकटिक आवाज येतो ना? तो एकाएकी दबका वाटला आणि धाप लागली, तर त्याच रात्री गाडी करून रुग्णालयात जा.